हात ओळखायची नजर दे

सोलापूरच्या सिद्धरामा, आज पाळीचा दुसरा दिवस आहे, म्हणून तुझ्या तळ्यापर्यंत आले नाही. आई म्हणते, चौथ्या दिवशी न्हाऊन जा. तिचं मन मोडायचं नाही, आणि आज जिना उतरायचं बळही अंगात नाही. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून घरातूनच बोलते आहे. ज्या रक्ताच्या आधाराने प्रत्येक जीव वाढतो, त्या रक्ताचा तुला विटाळ होत असेल असं मला कधीच वाटलं नाही. तू ऐकतोस, एवढं धरून चालते.

मागणं एकच आहे. ऑपरेशन कुठे करून घ्यायचं, ते ठरवायची बुद्धी दे. समोर दोन कागद ठेवलेत. एक सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर, घड्या पडून मऊ झालेला. दुसरा एका खाजगी रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज, जाड कागदावर छापलेला. घरात रात्री जेवणं झाली की हे दोन कागद निघतात, आणि कुणी काही न बोलता परत आत जातात.

माझ्या पोटात काय झालंय ते तुला सांगायला नको, पण मला ते स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणू दे. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच काहीसं माझ्या गर्भाशयाबाहेर रुजलं आहे. दर महिन्याला ते आतल्यासारखंच सुजतं आणि रक्त सोडतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते साचतं, दाह होतो, जखम भरताना व्रण धरतो, आणि त्या व्रणांनी शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी आहेत. डॉक्टर त्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात. एमआरआयच्या अहवालात लिहिलंय की त्या गाठी गर्भाशयाच्या मागे एकमेकींना भिडल्या आहेत, मोठं आतडं तिथेच ओढलं गेलंय, आणि डाव्या मूत्रपिंडातून खाली येणारी नळी दाबली गेल्याने ते मूत्रपिंड थोडं फुगलं आहे. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त भिववतं. आतडं दुखून सांगतं, पण मूत्रपिंड कित्येकदा काही न सांगताच निकामी होतं. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. मी चौथीवर आहे.

एवढ्या वर पोचेपर्यंत कुणाला कळलं कसं नाही, हे मी तुला विचारणार नाही, कारण उत्तर माहीत आहे. शाळेत बाकावर वाकून बसायचे तेव्हा बाई म्हणायच्या, सगळ्यांनाच होतं. कॉलेजात मेफ्टालच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये असायची आणि मैत्रिणींच्याही असायची, म्हणून तेही सगळ्यांसारखंच वाटलं. मग लग्न झालं की कमी होईल, आणि लग्नानंतर एक मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं ते याच आजारामुळे, हे त्या वेळी कुणी बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जननक्षम वयातल्या दहा टक्के मुली-बायकांना हा आजार आहे, जगभरात सुमारे १९ कोटी. व्हिएन्नाच्या रोकितान्स्की या डॉक्टरांनी १८६० साली सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठींचं वर्णन करून ठेवलं होतं. पण पहिल्या तक्रारीपासून आजाराचं नाव कळेपर्यंत आजही कित्येक देशांत बायकांची सात-आठ वर्षं जातात. देवा, त्या वर्षांचा हिशेब मी तुझ्याकडे मागत नाही. त्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी "सोस" म्हटलं त्यांच्यावरही राग धरवत नाही. त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं होतं.

पहिलं ऑपरेशन मात्र मनात सलतं. ते एका खाजगी दवाखान्यात झालं. दुर्बिणीतून गाठ फोडली, आतलं रक्त ओढून घेतलं, आणि "साफ झालं" म्हणून घरी पाठवलं. गाठीची भिंत आतच राहिली. भिंत राहिली की गाठ पुन्हा भरण्याचा संभव फार, हे मला नंतर कळलं. वर्ष-दीड वर्षात ती भरली. आता पुन्हा हात लावायचा तर प्रत्येक वेळी अंडाशयाचा थोडा चांगला भागही जातो, बीजं कमी होतात. म्हणून मला आता घाई नको आणि चूकही नको. त्या डॉक्टरांना माझा शाप नाही. पण त्यांच्याकडे माझ्यासारखी दुसरी कुणी गेली, तर "हे माझ्या हातचं नाही, पुढे जा" एवढं म्हणायचं धैर्य त्यांना दे. वैद्यकात हे वाक्य फार मोलाचं आहे आणि फार थोड्यांच्या तोंडून निघतं.

घरातले दोन तट तुला ठाऊक आहेत. सासूबाई आणि हे म्हणतात, खाजगीतच. माणूस नीट बोलतं, खोली स्वच्छ असते, तारीख लगेच मिळते, आणि पुण्याचे मोठे सर्जन महिन्यातून एकदा येऊन तिथे ऑपरेशन करतात. पैशाचं बघू, पाटल्या आहेत, पतपेढी आहे. आई म्हणते, सिव्हिल. ती सिव्हिलवर श्रद्धा ठेवून वाढलेली बाई. तिच्या बापाचा जीव तिथे वाचला. सिव्हिलला जोडलेलं वैशंपायन यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज १९६३ चं, म्हणजे आईच्या पिढीच्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं. सोलापूरच नव्हे, धाराशिव, लातूर, विजापूर, गुलबर्ग्याहून माणसं तिथे येतात, व्हरांड्यात कानडी, तेलुगू, मराठी, उर्दू एकत्र ऐकू येते. आई म्हणते, इतक्या लोकांचं भलं होतं तर तुझंच का होणार नाही?

दोन्ही बाजू माझ्यावरच्या मायेने बोलतात आणि दोन्ही बाजू रुग्णालयाच्या दाराबद्दल बोलतात. मला दारापेक्षा आतल्या टेबलाची काळजी आहे. सिद्धरामा, मी वाचत गेले, विचारत गेले, तसं एक गोष्ट मनात पक्की होत गेली. माझ्यासारखं बिघडलेलं पोट उघडायचं, तर तिथे एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही. आतडं सोडवताना फाटलं, किंवा त्याचा तुकडाच काढून पुन्हा जोडावा लागला, तर आतड्यांचा सर्जन तिथे हात धुऊन उभा हवा. मूत्रनळी सोडवायला, तिच्यात स्टेंट घालायला युरॉलॉजिस्ट हवा. भूल देणारा तासन्‌तास टिकणारा हवा. रक्तपेढी जवळ हवी. आणि हे सगळं झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आतड्याचा जोड गळायला लागला तर ते ओळखणारं माणूस रात्री दोन वाजता वॉर्डात हवं. पुण्याहून आलेले सर्जन त्या रात्री पुण्यात असतील. खोली कितीही स्वच्छ असली तरी त्या रात्री माझ्या पोटावर हात ठेवून "हे बरं नाही, परत आत घ्या" असं कोण म्हणेल, याचं उत्तर त्या जाड कागदावर नाही.

उलट, शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयात रात्रीही निवासी डॉक्टर असतात, सर्जरीचा विभाग असतो, अतिदक्षता असते. पण तिथेही मला विचारायचं आहे की अशी ऑपरेशनं इथे किती होतात? बाळंतपणं, सिझर, रक्तस्रावाने कोसळलेल्या बायका, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, एवढं सगळं ज्यांच्या अंगावर रोज येतं, त्यांना माझ्यासारखीसाठी पाच-सहा तास टेबल मोकळं ठेवता येईल का? आणि ज्यांचा हात बसला आहे त्या प्राध्यापकांची बदली झाली तर?

ब्रिटनमध्ये सरकारी सेवेतच या आजाराची खास केंद्रं आहेत, असं वाचलं. तिथे नियम आहे की केंद्राचा दर्जा टिकवायचा तर आतड्याजवळची अशी अवघड ऑपरेशनं वर्षाला निदान १२ व्हायला हवीत, आणि आतड्यांचा सर्जन, मूत्रमार्गाचा सर्जन, या आजाराची खास परिचारिका हे सगळे एका चमूत हवेत. वाचून मी रडले, देवा. तिथल्या बाईला रांग असेल, महिने थांबावं लागत असेल. पण कुणाचा हात बसलेला आहे हे तिला घरबसल्या कळतं. मला ते शेजारणीच्या नणंदेकडून, मेडिकल दुकानदाराकडून, नातेवाइकांच्या फोनवरून गोळा करावं लागतं. एवढ्या मोठ्या निवडीसाठी एवढी कच्ची माहिती.

पैशाबद्दल बोलते, लाज न धरता. नवी पेठेतल्या एका कापडदुकानात मी हिशेब लिहिते, त्यामुळे आकडे मला घाबरवत नाहीत, फसवतही नाहीत. खर्चाच्या त्या अंदाजात आतड्यांच्या सर्जनची फी "गरज पडल्यास वेगळी" अशी लिहिली आहे. गरज पडणारच आहे, हे एमआरआयच्या अहवालात लिहिलेलं आहे. म्हणजे तो आकडा माझ्या ऑपरेशनचा नाहीच, कुणातरी साध्या रुग्णाच्या ऑपरेशनचा आहे. पाटल्या विकायला मी तयार आहे. पण पाटल्या गेल्या, कर्ज झालं, आणि गाठ पुन्हा भरली, तर या घरात माझ्याकडे कसं पाहिलं जाईल, याची भीती मला सुरीहून जास्त आहे. त्या भीतीतून मला सोडव, कारण भीतीने ठरवलं तर मी स्वस्त तेच बरं म्हणेन, किंवा मग महाग तेच चांगलं म्हणेन. दोन्ही वेळा माझी नजर आकड्यावर असेल, ज्याच्या हातात माझं पोट द्यायचं त्या माणसावर नसेल.

खर्चासाठी सरकारी योजना आहे हे खरं. २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत आपलं सोलापूर होतं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, पिवळ्या-केशरी कार्डापलीकडे सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. ज्यांनी ती आखली त्यांचं भलं कर. पण त्या योजनेत ऑपरेशन नावानिशी यादीत बसावं लागतं, आणि यादीतली काही ऑपरेशनं सरकारी रुग्णालयांसाठीच राखलेली आहेत. माझं दुखणं एका ओळीत मावत नाही. ते थोडं अंडाशयाचं, थोडं आतड्याचं, थोडं मूत्रनळीचं आहे. योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी मी बसेन तेव्हा त्या मुलाला धीर दे आणि मलाही.

एक तिसरी वाटही आहे, ती घरात कुणी धरत नाही. मोठी धर्मादाय रुग्णालयं, पुण्यातली बरीचशी, बाहेरून खाजगीच दिसतात, पण कायद्याने त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. आम्ही दुसऱ्यात बसतो. तहसीलदाराचा दाखला काढायचा, पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरायची, तिथल्या समाजसेवा विभागाच्या दारात उभं राहायचं. मला हात पसरायला जमत नाही. पण हे हात पसरणं नाही, जमीन नि करसवलती घेताना त्या संस्थांनी दिलेला शब्द आहे, आणि तो शब्द मागायला जाणाऱ्या बाईची मान ताठ राहील असं काहीतरी माझ्या आत घाल.

पुणं म्हटलं की आणखी एक आठवण येते. मे २०१७ मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण पुण्यात झालं. ती मुलगी आपल्या सोलापूरची, आणि गर्भाशय तिच्या आईचं. ती बातमी वाचली तेव्हा आई स्वतःच्या पोटावरून हात फिरवत कितीतरी वेळ गप्प बसली होती. एकीकडे एवढं कौशल्य माणसाच्या बोटांत तू उतरवलंस. दुसरीकडे, बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांहून अधिक बायकांची, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली निघाली. त्याच बायका कोयता घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात, आपण त्यांना रस्त्याने बैलगाडीवर पाहतो. पिशवी काढली की कटकट मिटली, असं त्यांतल्या कित्येकींना सांगितलं गेलं. मलाही एकाने सांगून पाहिलं. माझ्या आजारात पिशवी काढली तरी आतड्यावरचं, मूत्रनळीवरचं तसंच राहू शकतं. माझ्याकडे ते वाचायला डोळे होते, फोन होता, शिकलेली भाची होती. त्यांच्याकडे मुकादमाची उचल होती, जी फेडायची होती.

म्हणून तुझ्याजवळ फक्त माझ्यापुरतं मागताना जीभ अडखळते. तू बाराव्या शतकात इथे काय केलंस? श्रीशैलाहून परत आलास, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापिलीस, लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलंस. त्या तळ्याचं पाणी कुणाच्या ऐपतीकडे बघून ओंजळीत येत नव्हतं. या गावात दवाखानाही तसाच असावा, माझ्यासारख्या आजाराचाही, बसलेल्या हातांचा. सोलापुरात, याच गावात, आठवड्यातला एक दिवस तरी अशी ओपीडी असू दे, जिथे तिन्ही सर्जन एका टेबलाशी बसून एका बाईचे कागद बघतील. सरकारी असो, सहकारी असो, धर्मादाय असो. ज्यांच्या सहीने अशा सर्जनांची पदं भरली जातात, त्यांच्या घरातल्या लेकीसुना मोठ्याने दुखलं म्हणू देत, म्हणजे त्यांना ऐकू जाईल.

आमच्या वाड्यात एक विडीवाली आहे. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत तेंदूची पानं कातरते, तंबाखू भरते, दोरा बांधते. पाळीच्या दिवसांत ती सूप पोटाशी इतकं आवळून धरते की मला बघवत नाही. तिला तिची कळ विचारली तर हसते. हजार विड्या पुऱ्या झाल्या नाहीत तर हप्ता चुकतो, एवढंच सांगते. तिच्यापुढे दोन कागद नाहीत. एकही नाही. मी निवडीच्या त्रासाने झोपत नाही आणि ती निवड म्हणजे काय हे न कळता झोपते, यात न्याय कुठे आहे, ते मला सांगू नकोस. तिला सोनोग्राफीपर्यंत नेण्याची सवड मला दे. पुढच्या गुरुवारी मी तिला घेऊन जाणार आहे. त्या दिवशी माझी कळ थोडी आवर.

आणि ज्यांच्या हातात मी जाणार, त्यांच्यासाठीही मागते. छत्तीस-छत्तीस तास उभ्या राहणाऱ्या निवासी डॉक्टर मुलींना झोप दे, त्यांच्याही पाळ्या असतात. भूल देणाऱ्याचं लक्ष ढळू देऊ नकोस. पोट उघडल्यावर आत अपेक्षेपेक्षा वाईट निघालं, तर शौर्य न दाखवता थांबायची सुबुद्धी सर्जनला दे. पोटावर काही महिने शौचाची पिशवी लावावी लागली, तर ती बघून माझ्या माणसाने तोंड फिरवू नये. तो फिरवणार नाही, मला माहीत आहे, तरी मागते. मूल होईल का, हे आज विचारत नाही. गड्ड्याच्या जत्रेत तुझ्या योगदंडाशी कुंभाराच्या मुलीचं दरवर्षी लागणारं लग्न मी लहानपणापासून बघते. त्या मुलीला तू संसार दिला नाहीस, पण तिला खोटंही पाडलं नाहीस, तिच्या इच्छेला तू जागा करून दिलीस आणि सगळं सोलापूर आजही तिच्यावर अक्षता टाकतं. माझ्या इच्छेलाही कुठेतरी जागा असू दे. कुठे, ते तू ठरव.

मी मनाशी एवढं ठरवलं आहे. आधी सोमवारी सिव्हिलमध्ये जाईन, कारण इतक्या विभागांचं एक छत मला दुसरीकडे दिसत नाही, आणि जे सगळ्यांचं आहे त्यावर माझाही विश्वास आहे. तिथल्या वरिष्ठांनी सरळ सांगितलं की एवढी गुंतागुंत आम्ही इथे घेत नाही, तर तो अपमान न मानता चिठ्ठी घेईन आणि पुण्याची गाडी धरेन. आणि हे ज्या खाजगी रुग्णालयाचं नाव घेतात तिथेही एकदा जाईन, पण खोली बघायला जाणार नाही, विचारायला जाईन. सगळीकडे तेच विचारायचं आहे. अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केली? आतड्यांचे डॉक्टर त्या वेळी आत असतील की फोनवर? मूत्रपिंडाचं किती दिवसांत बघायचं? अंडाशय किती वाचेल? नंतर गोळ्या किती वर्षं? चौथ्या रात्री कोण असेल?

हे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसलं की माझा आवाज बसतो, मी "हो डॉक्टर" म्हणून उठते, आणि जिन्यात सगळं आठवतं. सोमवारी तसं होऊ देऊ नकोस. शेवटच्या प्रश्नापर्यंत मला बसवून ठेव. माझ्यामागच्या नंबरची बाई दाराशी उभी राहून ऐकत असेल, तर तिनेही आत येऊन तेच विचारावं, आणि "फार विचारता बाई तुम्ही" असं तिला कुणी म्हणू नये.